सीझन संपल्यावर

"दोरी ताण," पुरुषोत्तम म्हणाले.

शलाकानं पलीकडच्या खांबाशी दोरीचं टोक पायाखाली दाबून धरलं. पुरुषोत्तम वाकून दोरीच्या कडेनं फक्की टाकत निघाले. पांढरी पूड बोटांतून एकसारखी सोडायची, हे काम एकोणतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. ते निम्म्यावर आले तेव्हा शलाका म्हणाली,

"सर, मी सोमवारी देवनहळ्ळीच्या शाळेत जॉइन होतेय."

पुरुषोत्तमांनी आधी रेघ पुरी केली. मग उभं राहून हात झटकले.

"तालुक्याचे सामने अठरा दिवसांवर आलेत."

"माहितेय सर."

"आणि करार?"

"तीन महिन्यांच्या नोटिशीचा आहे. भीमाचार्य सरांना काल पत्र दिलं, सूट द्या म्हटलं. नवी शाळा थांबायला तयार नाही. त्यांना सोमवारी सकाळी ओरिजिनल सर्टिफिकेटं बघायचीत. नाही दाखवली तर ते दुसरीला घेणार."

दोघं मराठीत बोलत होते, त्यामुळे कडेला बसलेल्या कानडी पोरींना काही कळलं नाही. अपवाद एक, कप्तान स्वानंदी. तिचे आईवडील पुण्याहून इथल्या एचएसआर लेआउट या वस्तीत येऊन राहिलेले. ती केसांना रबर लावता लावता थबकली आणि शलाकाकडे पाहत राहिली. शलाकाकडेच. पुरुषोत्तमांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांच्या नजरेतून असली गोष्ट कधीच सुटत नसे.

ही शलाका म्हणजे त्यांचीच विद्यार्थिनी. आनेकलहून दोन बस बदलून यायची, सहावीत होती तेव्हा. खांबावर सूर मारायला त्यांनीच शिकवलं, याच मैदानावर. पुढं पदवी, प्रशिक्षकाचा डिप्लोमा वगैरे करून ती चार वर्षांपूर्वी खो-खोची कोच म्हणून त्यांच्या हाताखाली परत आली, तेव्हा त्यांनी सगळ्या स्टाफरूमला म्हैसूरपाक वाटला होता. तो मात्र पहिला आणि शेवटचा. त्याच वर्षी पोरी जिल्ह्यापर्यंत गेल्या. पुरुषोत्तमांच्या काळात त्या तालुक्याच्या पुढं कधी सरकल्या नव्हत्या. पोरी शलाकाला अक्का म्हणू लागल्या, पुरुषोत्तमांना सर. पाय मुरगळला तर अक्का, आई रागावली तर अक्का. सरांकडे यायचं ते चेंडूच्या कपाटाची किल्ली मागायला.

जळायचे ते तिच्यावर. स्वतःशीही त्यांनी हे कबूल केलं नव्हतं, पण घरात बायकोला, सुनंदावहिनींना, ठाऊक होतं. शलाकाचा विषय निघाला की पुरुषोत्तमांना भाजीत मीठ जास्त लागे.

गंमत अशी, की चार वर्षं त्यांनी मनातल्या मनात तिच्या जाण्याची वाट पाहिली होती. आता ती चालली होती, तर बरं वाटायचं सोडून त्यांचा नुसता जळफळाट झाला. कारण ती तिथं चालली होती. देवनहळ्ळीच्या त्या शाळेत खो-खोला छपराखालचं मॅटचं मैदान होतं. पुरुषोत्तम उद्घाटनाला गेले होते, मॅटवर बूट काढून दोन पावलं चाललेही होते. निघताना त्यांनी आपलं कार्ड तिथल्या संचालकांच्या हातात दिलं होतं. सहज. त्यानंतर महिनाभर अनोळखी नंबर आला की ते घसा साफ करून फोन उचलत. एकदा क्रेडिट कार्डवाला होता, एकदा चुकीचा नंबर.

"सरी, ठीक आहे," ते शलाकाला म्हणाले. "प्रॅक्टिस घे. मी वर जाऊन येतो."

मुख्याध्यापक भीमाचार्य विजापूरकडचे. मराठी त्यांना चांगली येई, कानडी वळणानं बोलत. पुरुषोत्तम दिसताच त्यांनी फोन बाजूला ठेवला.

"या, या. तुमचीच वाट बघालतो. बघा की, काय पोरगी ही! सीझन तोंडावर, आणि हिला जायचंय. तुम्हीच सांगा आता काय करायचं ते. तुमच्या शब्दाच्या बाहेर मी नाही."

"करार करार असतो, सर," पुरुषोत्तम म्हणाले.

"असं बोला! निष्ठा तुमच्याकडून शिकावी. दोन हजार तीनला तुम्हाला केवढ्या मोठ्या शाळेनं बोलावलं होतं. गेलात? नाही गेलात. मी दर शिक्षकदिनाला सांगतो पोरांना."

सांगत खरे. दर पाच सप्टेंबरला ते ही गोष्ट सांगत, आणि पुरुषोत्तम पहिल्या रांगेत मान खाली घालून, लाजल्यासारखे बसत.

"तिची ओरिजिनल्स आपल्याकडंच आहेत," भीमाचार्य म्हणाले. शाळेत रुजू होणाऱ्या प्रत्येकाची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात ठेवून घ्यायची, असा इथला रिवाज होता. "तुम्ही क्रीडाप्रमुख म्हणून दोन ओळी लिहून द्या, सोडू नये म्हणून. आणि तिचं पाकीट खाली हेमलताकडून घेऊन या. माझ्या खणात कुलूप लावून ठेवतो. ती हेमलता मऊ आहे स्वल्प. कुणी डोळ्यांत पाणी आणलं की देऊन टाकंल."

पुरुषोत्तमांनी तिथंच उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. अक्षर त्यांचं सुरेख. 'स्पर्धा जवळ आल्याने सदर प्रशिक्षकास सीझन संपेपर्यंत कार्यमुक्त करू नये.' तिचं नाव लिहायला हात वळला नाही, म्हणून सदर प्रशिक्षक. कागदाची घडी खिशात घालून ते जिना उतरले तेव्हा त्यांना बरं वाटत होतं. फार दिवसांनी एवढं बरं वाटत होतं. सोमवारी देवनहळ्ळीच्या मॅटवर दुसरीच कुणी उभी राहील, आणि शलाका इथं या मातीत, त्यांनी आखलेल्या रेघांमध्ये असेल.

ऑफिसात हेमलता एकटीच होती. काय हवंय ते ऐकून तिचा चेहरा पडला. लोखंडी कपाटातून तिनं नाडीनं बांधलेला एक गठ्ठा काढला. वर चिठ्ठी, 'क्रीडा'. नाडी सोडून तिनं शलाकाचं खाकी पाकीट पुढं सरकवलं, आणि त्याखालून निघालेलं दुसरं एक हातात धरून ठेवलं. ते जुनं होतं, कोपरे झिजलेले.

"सर, हे तुमचं," ती कन्नडमध्ये म्हणाली.

पाकिटावर जुन्या मुख्याध्यापकांचं वळणदार कानडी अक्षर होतं. पुरुषोत्तमांचं नाव. खाली, 'सीझन संपल्यावर परत द्यावे.' आणि तारीख, अकरा जुलै दोन हजार तीन.

"मी इथं लागून चौदा वर्षं झाली," हेमलता म्हणाली. "दर वर्षी कपाट झाडताना हे हाताला लागतं. वाटायचं, कधीतरी मागाल."

पुरुषोत्तम खुर्चीवर बसले.

ते राहिले नव्हतेच. त्यांना ठेवून घेतलं होतं. राजीनामा त्यांनी अकरा जुलैला दिला होता, नव्या शाळेनं पंधराला बोलावलं होतं, आणि जुन्या मुख्याध्यापकांनी चहा पाजून, हसत हसत सांगितलं होतं, की कागद सीझन संपल्यावर मिळतील. त्या संध्याकाळी घरी जाऊन ते सुनंदावहिनींना म्हणाले, "मीच नको म्हटलं. पोरांना अर्ध्यावर सोडून कसं जायचं?" वहिनींनी ते शेजारी सांगितलं. शेजाऱ्यांनी कौतुक केलं. नोव्हेंबरात सीझन संपला तोवर ती जागा भरली होती आणि गोष्ट इतकी पसरली होती, की ऑफिसात जाऊन पाकीट मागणं म्हणजे आपल्याच तोंडानं आपल्याला खोटं पाडणं. पुढच्या वर्षी मागू म्हणाले. मग विसरले. माणूस अशी गोष्ट विसरत नाही, पण ते विसरले.

पाकिटात पदवी होती, प्रशिक्षकाचा एनआयएस डिप्लोमा होता, आणि डिप्लोम्याच्या कोपऱ्यात दाट केसांचा, काळ्या मिशांचा एक तरणाबांड गडी कॅमेऱ्याकडे रोखून पाहत होता. पुरुषोत्तमांना त्याचाही हेवा वाटला.

"दोन्ही द्या," ते म्हणाले.

हेमलतानं रजिस्टर पुढं केलं. त्यांनी दोन ठिकाणी सही केली.

मैदानावर पोरी ओळीत बसल्या होत्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. शलाका कडेनं धावत ओरडत होती, "पाठीवर हात लाव, मग खो म्हण! आधी नाही!" हे वाक्य पुरुषोत्तमांचं होतं, शब्दन् शब्द. पाकीट घेऊन तसंच परत फिरावं, असं वाटून गेलं. क्षणभर ते खरंच उभे राहिले, तोंड इमारतीकडे करून.

मग त्यांनी शिट्टी वाजवली. शलाका धापा टाकत आली.

"हे घे. आत कागद पुरे आहेत का बघ. नंतर माझ्या नावानं ओरडू नको."

तिनं पाकीट पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "भीमाचार्य सर हो म्हणाले?"

"त्यांचं मी बघतो. तू घरी जा, आत्ताच. आणि सोमवारपर्यंत शाळेचा फोन उचलू नको."

ती खाली वाकायला लागली तसे ते मागं सरकले.

"राहू दे. फक्कीनं भरलेत पाय."

शलाकानं डोळे पुसले. नाकही पुसलं, बाहीला, सहावीत पुसायची तसंच.

"सर, खरं सांगू? सकाळी मला वाटलं होतं, तुम्ही थांब म्हणाल."

"म्हटलं असतं तर?"

तिनं विचार केला. खोटं बोलायची सवय तिला कधी नव्हतीच.

"थांबले असते बहुतेक. आणि मग जन्मभर सगळ्यांवर डाफरत बसले असते."

मागं पोरींचा घोळका जमला होता. स्वानंदीनं बाकीच्यांना काय ते सांगितलं असावं, कारण दोघीतिघी रडत होत्या. त्या सगळ्या शलाकाच्या गळ्यात पडल्या. पुरुषोत्तम हातात शिट्टी धरून बाजूला उभे राहिले. आपण निवृत्त होऊ तेव्हा हार मिळेल, शाल मिळेल, नारळ मिळेल. असं गळ्यात कुणी पडणार नाही, हे त्यांना त्या घोळक्याकडे पाहताना नीट कळलं, आणि वाईट वाटलं, आणि तिचा रागही आला.

"उद्या सकाळी सहाला," ते पोरींना म्हणाले. "उशीर चालणार नाही."

"येस सर," स्वानंदी म्हणाली.

जिना चढताना त्यांच्या बगलेत एकच पाकीट होतं, झिजलेल्या कोपऱ्यांचं. भीमाचार्य फोनवर कुणा पालकाशी बोलत होते. त्यांनी खुणेनंच खण उघडला. पुरुषोत्तमांनी पाकिटाची नावाची बाजू खाली केली, वर खिशातली चिठ्ठी ठेवली आणि दोन्ही मिळून खणात सरकवलं. फोन न सोडता भीमाचार्यांनी चिठ्ठी उचलली, वाचली, मान डोलावली, परत ठेवली. किल्ली फिरवली. मग फोन संपला.

"आयतु, झालं काम," ते म्हणाले. "आता कुठं जाते बघू. रडली का?"

"रडली."

"रडू दे. कळंल हळूहळू. तुमच्यासारखी माणसं आता कुठं मिळायची, पुरुषोत्तम!"

पुरुषोत्तम दारापर्यंत गेले. खिडकीतून खालचं मैदान दिसत होतं. शलाकाची स्कूटर फाटकाबाहेर पडत होती, आणि पोरी फाटकाच्या गजांना धरून उभ्या होत्या. धावाधावीत त्यांनी सकाळची पांढरी रेघ पार पुसून टाकली होती. ते मागं वळले.

"सर, सीझन संपला की ते पाकीट न्यायला मी येईन."

"तुम्ही कशाला? तिचं ती येईल की, लागलं तर."

"नाही," पुरुषोत्तम म्हणाले. "मीच येईन."