राखणदार आणि शनिवारचा शिरा

रविवारी सकाळी भांडुपच्या आमच्या चाळीत नळापेक्षा जास्त गर्दी सहदेवच्या दारात असे. मुलुंडच्या कारखान्यातला हा तगडा फिटर ओंडक्यासारखा पडलेला. शुद्ध शाबूत, हातपाय ठप्प. उशाशी मांत्रिक राजारामबुवा शहाळं धरून गाऱ्हाणं घालत, "बा राखणदारा, लेकराक सोड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" चाळ गरजे.

मंतरलेलं शहाळं प्यायला की दुपारपर्यंत सहदेव उठे. चमत्कारच!

सहदेवच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाचं जेवण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे सुरू झालं. बुवांनी उपाय दिला: दर शनिवारी रात्री राखणदाराला, म्हणजे गावच्या रक्षक देवाला, शिऱ्याचा नैवेद्य, आणि तो सगळा सहदेवनेच संपवायचा. तरीही दर रविवारी तेच. मग बुवांनी बोट दाखवलं नव्या सुनेकडे. "हिच्यासोबत बाधा आलीय. हिला कायमची घालवा."

प्रेमाची रवानगी कांदिवलीला माहेरी झाली. पुढच्या रविवारी सहदेव पुन्हा आडवा!

"तिची चप्पल राहिलीय ना दारात," बुवा म्हणाले.

तेवढ्यात प्रेमाच आली, सोबत माहेरच्या शेजारच्या डॉक्टर विमलाबाई.

"आधी रक्त घेते. काल रात्री काय खाल्लं यानं?"

"शिरो. परातभर," सहदेवची आई शेवंतीकाकू म्हणाल्या.

"गेल्या शनिवारी?"

"शिरोच. देवाचो."

"बुवा, शहाळं राहू द्या. मंत्र तुमचाच, पाणी नळाचं. उठवा बघू."

"म्युनिसिपालिटीच्या पाण्याला सोवळं नसतं, बाई."

विमलाबाईंनी सहदेवला इस्पितळात हलवलं. संध्याकाळी तो स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला.

"रक्तात पोटॅशियम फार कमी होतं," त्या म्हणाल्या. "गोडाधोडाचं तुडुंब जेवलं की इन्सुलिन वाढतं आणि हा क्षार रक्तातून पेशींत शिरतो. तुमचं-माझं काही बिघडत नाही. याच्या स्नायूंत मात्र जन्मजात खोट आहे. नस सांगते 'हल', स्नायू ढिम्म. काही तासांनी आपोआप सुटतं. शहाळ्यात पोटॅशियम असतं, त्याची थोडी मदत. मंत्राची शून्य."

"म्हणजे माझ्या झिलाक मीच..." काकूंनी मुलाचा हात धरला.

"चला आई, घरी," प्रेमा म्हणाली.

बुवांनी त्या दिवशीचं शहाळं स्वतःच पिऊन टाकलं. त्यांना शहाळ्यातलंही कळत नव्हतं आणि शिऱ्यातलंही. रोगाला खतपाणी घालत होते, आणि तो ओसरला की श्रेय उपटत होते.

तेव्हा मंडळी, हातपाय लुळे पडले तर शहाळं नको, गाऱ्हाणं नको, आधी डॉक्टर. मूत्रपिंड बिघडलेल्याच्या जिवावर शहाळ्यातलं हेच पोटॅशियम बेततं. आणि घरातल्या सुनेला बाधा म्हणण्याआधी ताटात काय वाढलंय ते बघा.

सहदेवच्या दारात आता त्याच्या चपलांशेजारी प्रेमाच्याही असतात. शनिवारी काकू भाकरी थापतात.