टिपांमधली पानं

“अक्का, प्रत्येक ओवीखाली आवृत्ती आणि पान लिही. इंदुरीच्या रतनबाईंकडची पोथीची प्रत बघूनच हं!” धाकट्या त्र्यंबकनं बजावलं होतं. त्याच्या एम.ए.च्या प्रबंधाची सुवाच्य नक्कल मी करत होते. इंदुरीला गेले तर रोजचं पारायण चुकेल, म्हणून लोणावळ्यातच बसून मी आमच्या देवघरातल्या पोथीची पानं घातली. आवृत्ती निराळी असली तरी पोथी तर तीच, असं वाटलं.

प्रबंध परत आला. “परीक्षक म्हणतात, पानं मनानं घातलीत. तू ती प्रत पाहिलीस ना?”

“हो रे.”

“मग माझंच काही चुकलं असेल. पत्रात तसं कबूल करतो.”

मला मान वर करवेना. “थांब. मी पाहिलीच नाही. सगळी पानं नीट करून देते,” म्हटलं आणि कागद पिशवीत घालून इंदुरीला जायला तळेगावच्या गाडीला निघाले.