दांड्यावरची लाल सीट

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. मोठ्या माणसांची नव्हे. सायकलच्या पुढच्या दांड्यावर लहान मूल बसवायला जी छोटी सीट असते ना, ती. आज मला पाहिलंत तर गंजलेल्या सळ्या आणि फाटकं रेक्झीन एवढंच दिसेल. कळव्याच्या एका घरात, माळ्यावर, मागच्या दिवाळीच्या कंदिलाच्या सांगाड्याला टेकून मी पडून असते. पण एके काळी माझ्यापायी या घरात तीन माणसं एकमेकांशी धड बोलत नव्हती. तेच सांगते.

माझा जन्म डोंबिवलीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सळ्या वाकवून माझा आकार घडवला, वर स्पंज घातला, त्यावर लालभडक रेक्झीन ठोकलं. पाय ठेवायला दोन पट्ट्या, धरायला इवलंसं हँडल, आणि खाली दोन क्लिपा. पान्याने नट आवळले की मी दांड्यावर घट्ट, सैल केले की मोकळी. हा माझा मोठाच गुण आहे असं मला वाटायचं. पुढे कळलं, दुखणंही तेच होतं.

नौपाड्यातल्या सायकलच्या दुकानात मी छताला टांगलेली असताना सुमेधाने मला खाली काढायला लावलं. साल त्र्याण्णव असेल. तिची मुलगी मधु तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती. सुमेधाने माझ्या प्रत्येक सळीवरून बोट फिरवलं, कुठे धार लागते का पाहिलं, क्लिपा ओढल्या, मला गदागदा हलवलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“ताई, सीट घेताय की स्थळ बघताय?” दुकानदार म्हणाला.

“स्थळ बघताना एवढं कुणी बघू दिलं नव्हतं,” सुमेधा म्हणाली, आणि मला घेऊन निघाली.

सुमेधा बी.ए. झालेली, कॉलेजात पोहण्याची कितीतरी पदकं मिळवलेली. लग्नानंतर ती ठाण्याच्या एका तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. पाण्याला घाबरणाऱ्या, नाकात पाणी गेलं की बोंब ठोकणाऱ्या मुलांची बॅच तिच्याकडे होती. तिला हवी होती मुलींची स्पर्धेची बॅच. त्या मुलींना काय शिकवायचं हे तिने मनात कधीच ठरवून ठेवलं होतं. तलावाचे प्रमुख दामाजी सर मात्र हो म्हणेनात. एके दिवशी म्हणाले, “मॅडम, मधु झाल्यापासून तुम्ही काठावरच दिसता. तुम्हाला अजून जमतं हे मला दिसलं पाहिजे. दसऱ्याला आपली तिहेरी आहे. शेवटच्या रेषेवरचा झेंडा उतरायच्या आत पुरी करा, बॅच तुमची. नाही झाली तर मग आग्रह धरू नका.”

तिहेरी म्हणजे आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच धावणं, मध्ये विसावा नाही. ट्रायथलॉन हा त्याचा खरा शब्द. पण तो बोलताना अर्ध्या ठाण्याची जीभ अडखळायची, म्हणून तिहेरी.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले, मित्रांनो. सुमेधाने गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीतच पाना ओवला. पहाटे ती नट सैल करून मला काढायची, जिन्याखाली टेकवून ठेवायची आणि मुंब्र्याच्या रस्त्याला सायकल पिटाळायची. मी वाटेत असले की तिला हँडलवर वाकता येत नसे, गुडघे माझ्या पट्ट्यांवर आपटत. परत आली की घाम पुसायच्या आधी मला बसवायची, मधुला दूध पाजायची, तिला माझ्यात ठेवून ओढणीने बांधायची आणि खाडीच्या पुलावरून तलाव गाठायची. तिथे मधु तिकीट देणाऱ्या दगडाबाईंच्या खिडकीत. आई शिट्टी मारणार, खिडकीतून मधु रडणार, आई वळून बघणार, तेवढ्यात पाण्यातलं एखादं कार्टं दोरीपलीकडे गेलेलं असणार.

सरावात तिचं मन मुलीकडे, मुलीला भरवताना डोळे घड्याळाकडे. रात्री कणीक मळताना ती उभ्या उभ्या टाचा उचलायची. सासूबाई, कलावतीबाई, बघत राहायच्या. “अगं, पोळ्या करतेयस की उडणारेस?” म्हणायच्या. सुमेधा हसायची नाही. तिला वाटायचं, आपण तीन ठिकाणी आहोत आणि कुठेच नाही. मी तर तिची अडचणच होते. ती मला काढायची तेव्हा चिडून काढायची, बसवायची तेव्हा अपराधी चेहऱ्याने बसवायची. प्रेमाने हात लावला तो फक्त मधुने.

रोज काढून-घालून माझ्या एका क्लिपेचा आटा झिजला. नवरात्राच्या आधी एका सकाळी, पुलाच्या मधोमध, मी एका बाजूला कलंडले. मधुचं पाऊल चाकाच्या तारांपाशी गेलं. सुमेधाने ब्रेक दाबले, सायकल कठड्याला घासली. मधुला काही झालं नाही, नुसती चप्पल खाडीत गेली. पण सुमेधा तिथेच रस्त्यावर बसली आणि मुलीचं पाऊल हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

घरी नवऱ्याला, हरिहरला, सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. “मी बघतो काय ते,” एवढंच बोलला. सुमेधाला वाटलं, नवी क्लिप आणेल.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते. कामगार आपापल्या गाड्याही आणतात. आदल्या दिवशी हरिहरने सायकल कंपनीच्या टेम्पोत चढवली. मला कोण आनंद झाला. पण तिथे त्याने पोपट नावाच्या वेल्डरला बोलावलं, मला दाखवलं आणि म्हणाला, “ही आयुष्यात हलता कामा नये.”

“साहेब, सीट राहील, तुम्ही हलाल,” पोपट म्हणाला आणि त्याने काचेची ढाल तोंडासमोर धरली.

निळा-पांढरा जाळ झाला. माझ्या क्लिपा वितळून दांड्याला चिकटल्या. दुसऱ्या दिवशी यंत्रांबरोबर आमचीही पूजा झाली, आणि संध्याकाळी हरिहर झेंडूची माळ घातलेली सायकल घेऊन घरी आला. लहान मुलाने बक्षीस आणावं तसा त्याचा चेहरा होता.

“हलवून बघ,” तो सुमेधाला म्हणाला.

तिने हलवलं. पुन्हा हलवलं. मग दोरीतला पाना घेऊन ती खाली वाकली आणि नट शोधू लागली. नट नव्हताच.

“वेल्डिंग केलंय,” हरिहर म्हणाला. “आता तुझ्या जिवाला घोर नाही.”

“उद्या शर्यत आहे.”

“म्हणूनच तर. चेनला ऑइल केलंय, हवा भरलीय.”

“अहो, शर्यतीला सीट काढावी लागते. मी रोज पहाटे काय करते असं वाटतं तुम्हाला?”

पहाटे हरिहर झोपलेला असायचा.

“कापून द्या,” सुमेधा म्हणाली. “सळ्या वरून कापा. करवत आहे घरात.”

करवत होती. पण देवासमोर पाटावर होती. शेजारी पक्कड, हातोडी, विळी, मधुसाठी आत्ताच आणून ठेवलेलं अंकलिपीचं पुस्तक, सगळ्यांना हळद-कुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. सुमेधा तरातरा तिकडे गेली तशा कलावतीबाई पाटासमोर आडव्या आल्या.

“आज नको गं. हत्यारं पूजेला बसलीत. उद्या सोनं वाटून झालं की घे. बाहेर जाऊन बघ, आज अख्ख्या कळव्यात कुणी पान्याला हात लावणार नाही.”

“आई, उद्या संध्याकाळी काढून मी काय करू?”

“एक दिवस सीटसकट गेलीस तर काय बिघडतं? लेकराचीच आहे ना ती?”

“अरे, तू तरी सांग त्यांना!” सासूबाईंदेखत ती हरिहरला कधी अरे-तुरे करत नसे. हरिहरने आईकडे पाहिलं, सुमेधाकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? सळ्या कापल्या असत्या तर मी मेलेच असते, आणि तरीही, मित्रांनो, त्या क्षणी मला कापावं असंच मला वाटत होतं. सुमेधाने पुढे केलेला हात मागे घेतला. आडव्या आलेल्या म्हातारीवरून हात नेऊन करवत उचलणं तिच्याने झालं नाही.

दसऱ्याच्या सकाळी सुमेधा पाण्यात उतरली आणि मासोळीसारखी गेली. पहिल्या तिघींत बाहेर आली. तिथपर्यंत सगळं तिच्या हातात होतं. मग ती धावत सायकलपाशी आली, आणि रांगेतल्या चपळ सायकलींमध्ये मी, लाल सीट, गळ्यात झेंडूची माळ.

“मॅडम, बाळ पाण्यातच राहिलं का?” कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

तिच्याच तलावावरची मालू, कळव्याच्या कोळीवाड्यातली, पुढच्या वर्षी स्पर्धेच्या बॅचमध्ये जायला टपलेली पोर, त्या आवाजाच्या दिशेने वळली. “तुमच्या आयशीनं तुम्हाला काय खिशात घालून वाढवलं काय रं?” असं म्हणून ती रस्त्याच्या कडेकडेने मॅडमबरोबर धावत सुटली.

पुलावर वारा समोरून होता. सुमेधाला वाकता येत नव्हतं. वाकली की माझं हँडल पोटात, ताठ बसली की वारा छातीवर. गुडघे बाहेर फाकवून ती पायडल मारत होती, आणि जरा दमली की गुडघा आत यायचा नि माझ्या पट्टीवर आपटायचा. एकेक जण पुढे गेली. झेंडूच्या पाकळ्या रस्त्यावर सांडत गेल्या. परतीला मागे वळून पाहिलं तेव्हा मागे कुणीच उरलं नव्हतं. सुमेधा रडत नव्हती, दात आवळून मला शिव्या देत होती. मला, पोपटला, हरिहरला, आणि बहुतेक स्वतःलाही.

सायकल टाकून ती लंगडत धावायला लागली. मी भिंतीला टेकून बघत होते. रस्त्यापलीकडे हरिहर मधुला कडेवर घेऊन उभा होता, शेजारी कलावतीबाई. झेंड्याची दोरी एका पोराच्या हातात होती आणि तो दामाजी सरांकडे बघत होता. सर घड्याळाकडे. सुमेधा वळणावर दिसली तेव्हा मंडप अर्धा सुटला होता, पण झेंडा वरच होता. ती शेवटची आली. पण आली.

सर जवळ आले. तिचा निळा-काळा गुडघा त्यांनी पाहिला, मग मला पाहिलं. “पुरी केलीत. बॅच तुमची,” ते म्हणाले. “उद्यापासून पहाटेची. पण मुलीचं काय करणार?”

“आणेन. सीट आता हलत नाही,” सुमेधा म्हणाली. सरांना वाटलं ती विनोद करतेय.

घरी आल्यावर कलावतीबाईंनी तिचा गुडघा शेकायला पाणी ठेवलं. मग आपणहून पाटापाशी गेल्या, करवतीवरचं फूल बाजूला केलं आणि करवत हरिहरच्या हातात दिली. “घे. देवाला मी सांगते काय ते,” म्हणाल्या. सोनं वाटायचं अजून बाकी होतं.

हरिहर माझ्यापाशी बसला. करवतीच्या पात्याला कुंकू तसंच होतं. त्याने पातं सळीवर टेकवलं, आणि मग थांबला. मान वळवून म्हणाला, “कापू ना?”

सुमेधाने गुडघ्यावरचं फडकं काढलं. “उद्या पहाटे मधुला कशात बसवू?” ती म्हणाली. “राहू दे आता. हे कालच विचारायचं होतंस.”

त्याने करवत खाली ठेवली.

पुढे दोन वर्षं मी त्या दांड्यावर राहिले. मधु माझ्यात मावेनाशी झाली तेव्हा हरिहरने मला कापलं. आधी तीनदा विचारून. सुमेधाच्या मुली पदकं आणू लागल्या, लोक तिचं कौतुक करू लागले, आणि मी माळ्यावर गेले. माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या एका खंडेनवमीची.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, नट आवळा, गंज पुसा, आम्हाला बरं वाटतं. पण माणसाची काळजी घेताना पाना उचलायच्या आधी त्याला विचारा. तुमची आई पहाटे उठून काय करते, ते एकदा तुम्हीही उठून बघा. त्या सायकलच्या दांड्यावर माझे दोन खुंट अजून आहेत. प्रेमानेच डकवलेले आहेत, म्हणून तर ते निघत नाहीत.