उशिराचा मंत्र, कलम चार

"आधी बटण, मग पत्ता!" हेडक्लार्क ओरडले. "किती वेळा सांगायचं? कलम चार!"

गठ्ठ्याकडे गेलेला हात शिंपीबुवांनी जीभ चावत मागे घेतला आणि निमूटपणे एक बटण काढलं.

हे दोघे व्याही. हेडक्लार्कांचा मुलगा, शिंपीबुवांची मुलगी. ती दोघं परगावी राहत आणि सुट्टीला आलेली नातवंडं जाताना हा राक्षसांचा, किल्ल्यांचा आणि मंत्रांचा खेळ आजोबांकडे टाकून गेली होती. तेव्हापासून सात वर्षं रोज सकाळी दहाला डाव. नियमांचं पुस्तक हेडक्लार्कांनी सुवाच्य अक्षरात उतरवून त्याला कलमं पाडली होती. निवृत्त होताना त्यांनी खुर्ची सोडली होती, पोटकलमं नाही.

कलम चार उशिराच्या मंत्राचं. हा पत्ता लगेच चालत नाही. तो टेबलावर ठेवून त्यावर तीन बटणं मांडायची. आपली पाळी आली की नवा पत्ता उचलण्याआधी एक बटण काढायचं. शेवटचं निघालं की मंत्र त्याच क्षणी फुटतो. पत्ता आधी उचललात तर वेळ गेली, पुढच्या पाळीपर्यंत थांबा. या कलमापायी शिंपीबुवांनी किती डाव घालवले त्याला गणती नव्हती, कारण 'चुकून' हा शब्द हेडक्लार्कांना मान्यच नव्हता.

आज मात्र बटणांचीच पंचाईत झाली होती. सुई ओवता येईना म्हणून शिंपीबुवांनी दुकान बंद केलं होतं, बटणांचा डबा सामानात बांधला होता आणि बारा वाजता ते कायमचे मुलीकडे निघणार होते. तिथे खोली एकच रिकामी. "तुम्हीच जा," असं हेडक्लार्कच म्हणाले होते आणि म्हटल्यापासून पस्तावत होते. खिशात दोन बटणं सापडली. तिसरं शिंपीबुवांनी सरळ हेडक्लार्कांच्या उजव्या बाहीचं दातांनी तोडलं.

"अहो, अहो! नवा शर्ट आहे!"

"मीच शिवलाय ना? डाव संपला की लावून देतो. सुई आहे खिशात, दोरा तेवढा तुम्ही ओवा."

आता पत्त्यावर ते एकच बटण उरलं होतं. ते निघालं की हेडक्लार्कांचा शेवटचा किल्ला जळणार, डाव संपणार आणि व्याही उठणार. साडेअकरा झाले होते.

शिंपीबुवांची पाळी आली. त्यांनी बटण न काढता पत्ता उचलला.

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. कलम चार अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते घोटभर पाण्याबरोबर गिळलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी एका चुकीकडे काणाडोळा केला होता आणि त्यांचे कान लाल झाले.

पुढच्या पाळीलाही तेच. तिसऱ्यांदाही तेच. बिचाऱ्याचे डोळे खरंच गेले, असं वाटून हेडक्लार्कांना वाईट वाटलं. मग त्यांनी नीट पाहिलं. पत्ता उचलताना शिंपीबुवा हात मुद्दाम वळसा घालून नेत होते, बटणाला धक्का लागू नये म्हणून.

हेडक्लार्कांनी पाण्याचं भांडं बाजूला सारलं.

"व्याही, बटण राहिलं तुमचं."

"राहिलं का?" शिंपीबुवांनी पत्त्यांत तोंड खुपसलं. "दिसत नाही हो हल्ली. पण पत्ता उचलून झालाय. कलम काय म्हणतं?"

"पुढच्या पाळीपर्यंत थांबा."

"मग थांबतो. आपण काय नियमाबाहेर आहोत?"

खाली गाडीचा भोंगा वाजला. शिंपीबुवा उठले, खिशातून सुई काढून त्यांनी बटणाकडे हात नेला. हेडक्लार्कांनी तो हात धरला.

"राहू दे. ते खेळात आहे." त्यांनी घाईघाईने एक फालतू पत्ता टाकला. "आता पाळी तुमची. या सावकाश."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता हेडक्लार्कांनी त्या पत्त्याच्या कडेकडेने टेबल पुसलं, तोच शर्ट घातला आणि ते वाचनालयात गेले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं एक बटण कधी कुणाला उघडं दिसलं नव्हतं.

"साहेब, बाहीचं बटण तुटलंय," टेबलामागच्या बाई म्हणाल्या.

"तुटलेलं नाही," हेडक्लार्क म्हणाले. "डाव चालू आहे."

त्यांनी वहीत सही केली. सुटी बाही ओल्या शाईवरून फिरली, तरी त्यांनी ती दुमडली नाही.