चौकातली रिकामी जागा

मुरबाडच्या बागेत, घसरगुंडीच्या मागं, आठ पाड्यांनी मिळून आदिवासी सांस्कृतिक केंद्र उभं केलं. ते सरकारी नव्हतं, कुणा साहेबाचंही नव्हतं. पाळीपाळीनं एकेका पाड्यानं यायचं, झाडायचं, आलेल्यांना माहिती सांगायची. तिथल्या भिंतीवरचा लग्नचौक, म्हणजे वारल्यांच्या लग्नात पिठानं काढतात ते चित्र, टोकावड्याकडच्या लहानीनं सवाशिणींना बसवून काढून घेतला होता. लहानी धवलेरी, म्हणजे वारल्यांची लग्नं गाणी म्हणून लावणारी. तिनं अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली आणि स्वतःचं मात्र राहिलं. बुधूबरोबर तीस वर्षं संसार झाला. जेवणावळीची सोय झाली की लग्न लावू म्हणत दोघं थांबली, आणि मग बुधूच थांबला नाही. पाड्यात अशी पुष्कळ जोडपी असतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. लहानीला वाटायचं.

चौकात तिनं झाडं, वाजंत्री, घोडा, सगळं घेतलं होतं. घोड्यावर मात्र कुणी बसवलं नाही आणि मधली जागा कोरी ठेवली. मध्ये पालघट देवी बसते. लग्न नसताना तिला बोलवायचं नसतं. एकदा आली की नवरी घेतल्याशिवाय ती उठत नाही.

पण बघायला येणारे भाग्यश्रीचं डोकं खायचे, मधलं काढायचं राहिलं का म्हणून. भाग्यश्री लहानीच्याच पाड्यातली, बारावी झालेली, केंद्राची किल्ली तिच्याकडं. हात चांगला, दम कमी. एका दुपारी तिनं तांदळाचं पीठ कालवलं आणि देवी काढून मोकळी झाली. चौकाला सवाशिणीचाच हात लागतो, हे तीच आल्या-गेल्याला सांगत असे.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा लहानी मिळेल त्या एसटीनं निघाली. भर दुपारी बागेत चिटपाखरू नव्हतं. भाग्यश्रीनं हात पुढं केले. ते कोपरापर्यंत पिवळे होते.

"पयल्या दिवशी नुसती बोटं होती, आजी. वाटलं, रंग लागला. घासलं, धुतलं, जात नाय. रोज वर चढतंय."

लहानीनं वास घेतला. ओली हळद होती.

"घोड्यावर कोणी बसवली गो?"

"मी नाय. मी फकस्त देवी काढली."

भिंतीवरच्या घोड्यावर एक मुलगी बसली होती. तिची वेणी कमरेपर्यंत आली होती. भाग्यश्रीचीही तेवढीच होती.

"पुसून टाकू का?"

"बसलेल्या देवीला कोणी पुसतं?"

एवढ्यात हळद दंडावर चढली होती. डोक्यापर्यंत पोचली की संपलं, पोर त्या घोड्यावरनं परत यायची नाही. आता लग्न लावणं एवढंच उरलं होतं. लहानी भिंतीसमोर मांडी घालून बसली आणि गायला लागली. बाहेर वाऱ्यानं करकरणारा झोपाळा थांबला. गाणं शेवटाला आलं. तिथं नवरा-नवरीची नावं घ्यावी लागतात. नाव घेतलं की लग्न लागलं.

भाग्यश्रीनं तिच्या पदराचं टोक गच्च धरलं होतं.

"लहानी नवरी," म्हातारी गायली आणि थांबली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. रेशन कार्डाच्या वेळी शेजारणीला सांगायला लावलं होतं. तो मेला तेव्हासुद्धा ती नुसतीच ओरडली होती.

"बुधू नवरा."

झोपाळा पुन्हा करकरला. भाग्यश्री आपले हात उलटेपालटे करून बघत रडायला लागली, ते स्वच्छ होते. लहानीनं आपले हात पदराखाली घेतले. भिंतीवर घोडा होता, वेणीवाली नव्हती. तिच्या जागी अंबाडा घातलेली बाई होती आणि तिच्या मागं एक पुरुष. त्याचा एक पाय आखूड होता. मधली जागा कोरी झाली होती.

"आता तिथं कायबी काढू नको. विचारलं तर सांग, जागा ठेवलीय."

"तुमी बसा ना आजी. एसटीला टाइम हाय."

"पायीच जाईन."

"टोकावड्यापर्यंत? एकट्या?"

लग्न झाल्यावर नवरीनं कुठं जायचं असतं, हे लहानीनंच किती पोरींना गाऊन सांगितलं होतं. तिनं पिवळ्या हातांनी डोक्यावरून पदर घेतला आणि ती बागेच्या फाटकाबाहेर पडली. मागं वाळल्या पानांवर पाऊल वाजलं, एक जड, एक हलकं. ती चाल तिनं तीस वर्षं ऐकली होती. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. त्याला गाठता यावं म्हणून ती जरा हळू चालू लागली.