चोवीसचे एकतीस

घणवाल्याने बाबांना पहिल्याच दिवशी एकोणीस वेळा मारलं, आणि एकोणिसाव्या वेळी बाबा हसले. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसत होते. आई हात पुसत बाहेर आली, टीव्हीवर नवऱ्याचा मुडदा आडवा पडलेला पाहिला आणि म्हणाली, "हसताय काय? मेलात की हो तुम्ही!"

"मेलो, पण चूक कळली," बाबा म्हणाले. "डावीकडे पळालो. डावीकडे पळायचं नाही."

त्यांनी उजव्या हाताने वहीत तेवढं लिहूनही ठेवलं.

घणवाला आणला होता लेकीने. ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टर होती. काम सांगितलं की लोक म्हणत, मजा आहे बुवा, दिवसभर खेळायचं आणि वर पगार घ्यायचा. एकाच दारातून चारशे वेळा आत जायचं आणि चारशे एकाव्या वेळी ते अडकतं का ते पाहायचं, यात काय मजा असते हे लोकांना समजावणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. ऑफिसात बारा माणसं. सगळ्यांत वयाने मोठी हीच, म्हणून ती सगळ्यांची ताई.

त्यांचा नवा गेम भयंकर अवघड होता. मुद्दामच तसा केला होता. घणवाला हा त्यातला पहिला राक्षस. तो 'हुं' करून घण उचलायचा आणि दण्णकन खाली आणायचा. मधल्या वेळात बाजूला उडी मारली तर वाचलात. हा मधला वेळ किती, तर पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो, त्यांतले चोवीस बदल. अर्धा सेकंदसुद्धा नाही. डिझायनर म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा एक पोरगा होता, पण गेमच्या बाबतीत कमालीचा कडक. त्याने भिंतीवर पाटी लावली होती: 'इथे उशी मिळणार नाही.'

उशी हा त्यांच्या ऑफिसातला शब्द. खेळणारा फार वेळा मेला की काही गेम गुपचूप सैल होतात. राक्षस जरा हळू मारतो, जखम जरा कमी होते. खेळणाऱ्याला वाटतं, आपणच तयार झालो. डिझायनरला या प्रकाराची चीड होती. "ताई, हे म्हणजे मुलाला पास करून टाकायचं आणि वर त्यालाच पेढे वाटायला लावायचे," तो म्हणायचा.

अडचण एवढीच होती की घणवाल्याला मारून मारून ऑफिसातल्या बाराही जणांचे हात सरावले होते. गेम किती अवघड आहे हे आता त्यांच्यापैकी कुणालाच कळेना. त्यांना कोरा हात हवा होता, कंट्रोलरला कधीही न शिवलेला. ताईने वडिलांचं नाव सुचवलं.

यात तिचा स्वार्थ होता. व्यायामवाल्या बाईंनी बाबांना डाव्या हाताने दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो चेंडू महिनाभर पलंगाखाली धूळ खात होता. कंट्रोलरला मात्र डावा अंगठा लागतोच.

बाबा टर्नर. चौतीस वर्षं लेथवर लोखंड सोललेलं. मशीनचा आवाज ऐकून हत्यार बोथट झालंय की नाही हे पाठमोरे उभे राहून सांगणारा माणूस. झटक्याने डावी बाजू गेली, पाय परत आला, हात अर्धामुर्धाच आला. आता आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची. व्यायामवाल्या बाई त्यांनी एक बोट उचललं तरी "वा, काका, वा!" करायच्या. शेजारी यायचे आणि मूल झोपलेल्या घरात आल्यासारखे हळू बोलायचे. बाबांना या 'वा'चा संताप यायचा. घणवाला वा म्हणत नसे. तो त्यांना आजारी समजत नसे. चुकलं की दण्ण.

"हा एकटाच माझ्याशी नीट वागतो," ते एकदा म्हणाले. आईला ते लागलं. ती दिवसभर भांडी आपटत होती.

त्यांनी चंगच बांधला. वही भरत चालली. '४१. घाई.' '५८. अंगठा घसरला.' '७७. पाहत बसलो. पाहायचं नाही, ऐकायचं.' कारखान्यात रद्द झालेल्या मालाची नोंद ठेवावी तशी स्वतःच्या मरणाची नोंद. ऑफिसातला डिझायनर ती पानं वाचून खूष व्हायचा. आणि डाव्या अंगठ्यात खरंच थोडी जान येत होती. बाबा तो रोज आईला हलवून दाखवायचे आणि म्हणायचे, "तीन महिन्यांत लेथवर. डॉक्टरांनीच सांगितलंय."

डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी लेकीला आणि आईला बाहेर जिन्याजवळ नेऊन सांगितलं होतं की बोटांत यायची ती ताकद बरीचशी आली आहे, आता फार थोडी येईल, आणि फिरत्या मशीनजवळ त्यांना पुन्हा उभं करू नका. आत येऊन लेकीने बाबांना सांगितलं, "तीन महिने म्हणालेत." आईने ते ऐकलं आणि पडदा सारखा करायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

एकशे त्रेसष्टाव्या मरणाच्या वेळी लेक दारातच उभी होती. ती दुपारी लवकर घरी आली होती, आणि बाबांना ते ठाऊक नव्हतं. घणवाल्याचा जीव नखाएवढा उरला होता. बाबांचा अंगठा आयत्या वेळी घसरला. पडदा काळा झाला. बाबांनी कंट्रोलर हळूच खाली ठेवला आणि उजव्या मुठीने डाव्या हातावर मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. रडत होते आणि मारत होते. ती आल्या पावली जिन्यात परत गेली, आणि तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तिने बाबा घरी खेळत ती गेमची प्रत ऑफिसातूनच उघडली आणि चोवीसचे एकतीस केले. सात बदल. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. पडद्याकडे रोज पाहणाऱ्या पोरांनाही हे समजलं नसतं. पाटीखाली बसूनच तिने हे केलं. बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

परिणाम लगेच दिसला. बाबा कमी मरू लागले. पण हसेनासे झाले. गुरुवारी ते एकदाच खेळले आणि मग नुसते भिंतीवरच्या घड्याळासमोर बसले. शुक्रवारी आई म्हणाली, "अगं, हे नळाखाली बादली ठेवून थेंब मोजत बसतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही." लेकीला वाटलं, दमले असतील. शनिवारी तिने बाबांना उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवून घड्याळाकडे पाहताना पाहिलं. ओठ हलत होते. तिने विचारलं तर म्हणाले, "तू ऑफिसला जा."

वही तिने नंतर गुपचूप पाहिली. १६४ पासून पुढे नुसते आकडे होते. एकाही चुकीचं कारण लिहिलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांनी घणवाल्याला मारलं.

आई आणि लेक दोघी समोर होत्या. राक्षस गुडघ्यावर आला, कोसळला, सोनेरी अक्षरं झळकली. आईने टाळ्या वाजवल्या. लेकीच्या तोंडून निघून गेलं, "वा, बाबा, वा!" आणि शब्द बाहेर पडताक्षणी तिला आपलीच जीभ चावावीशी वाटली.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी वहीत 'जिंकलो' असं लिहिलं, पेन बंद केलं आणि म्हणाले, "मला दवाखान्यात घेऊन चल."

"काय होतंय?" आई ओरडलीच.

"ओरडू नकोस. दुखत काही नाही." ते लेकीकडे पाहत होते. "माझ्या डोक्यातला वेळ बिघडलाय. बुधवारपासून. तो हुं करतो आणि घण पडतच नाही. मग पडतो. मधला वेळ लांबतोय मला. पहिला झटका आला ना, त्या दिवशी सकाळी लेथचा आवाज असाच लांबला होता. मी कुणाला बोललो नव्हतो, वाटलं बेल्ट ढिला आहे. आणि तासाभरात पडलो. घड्याळ बरोबर ऐकू येतं. थेंब बरोबर पडतात. नाडीपण मोजली. फक्त तोच लांबतो. दुसरा येतोय, पोरी. चार दिवस झाले, मला झोप नाही. झोपेत आला तर हिला कळणार पण नाही."

लेक त्यांच्या समोर जमिनीवर बसली.

"बाबा, दुसरा येत नाहीये," ती म्हणाली. "ते मी केलंय."

आणि तिने सगळं सांगितलं. चोवीस, एकतीस, त्या दुपारचं दार, जिना, सगळं. सांगताना ती त्यांच्या गुडघ्याकडे पाहत होती. उशी म्हणजे काय तेही तिला सांगावं लागलं.

बाबांनी आधी दीर्घ श्वास सोडला. चार दिवस कोंडलेला असावा तसा. मग त्यांचे डोळे भरले, आणि मग ते चिडले.

"चार दिवस मी मरण धरून बसलो होतो गं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त वाईट वाटलं. "हिचं काय होईल, मला आंघोळ कोण घालेल, वाचा गेली तर काय करू. पाटीवर लिहायची तयारी केली होती मी. आणि तू मला जिंकवत होतीस."

"मला बघवलं नाही, बाबा."

"तुला बघवलं नाही." त्यांनी मान हलवली. मग डावा हात मांडीवर पालथा ठेवून त्यांनी त्याकडे पाहिलं. "तीन महिन्यांत लेथवर म्हणाले होते डॉक्टर. त्यात उशी किती?"

आई दाराला धरून उभी होती. लेकीने तिच्याकडे पाहिलं, तशी आईने मान खाली घातली.

खोटं बोलायला अजून जागा होती. एक शब्द पुरला असता, आणि सवयीने तो जिभेवर आलाही होता.

"सगळीच उशी होती," लेक म्हणाली. "आहे तेवढाच राहील म्हणाले. थोडाफार सुधारेल. मशीनवर नाही जायचं. कधीच."

"हिला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे या घरात कोरा मी एकटाच," बाबा म्हणाले.

आई रडायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही. बाबांनी डाव्या हाताची बोटं मिटून पाहिली, ती मिटली तेवढी मिटली, अर्ध्यावर थांबली. त्यांनी पुन्हा उघडली. चौतीस वर्षं त्या हाताने चाक फिरवलं होतं. असं पाच-सात वेळा झालं. मग ते म्हणाले, "चोवीस कर."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

तिने लॅपटॉप आणला. बाबांनी चष्मा लावला, एकतीस हा आकडा स्वतः वाचला, तो पुसला जाताना पाहिला, चोवीस वाचला, आणि तिने तो साठवल्यावर पुन्हा एकदा उघडून दाखवायला लावला. त्यानंतर वही ओढली. १६४ पासून 'जिंकलो'पर्यंतच्या सगळ्या ओळींवर त्यांनी आडवी रेघ मारली. कारखान्यात मोजायचं गेजच चुकीचं निघालं की त्याच्यावर मोजलेला सगळा माल असाच रद्द व्हायचा, चांगला निघालेलासुद्धा.

कंट्रोलर त्यांनी उचलला. डावा अंगठा उजव्या हाताने जागेवर बसवला. घणवाला आला, हुं केलं, आणि बाबा हलायच्या आत घण डोक्यात बसला.

बाबा डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. पडदा काळा होऊन गेला तरी त्यांनी ते उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांखालून पाणी गालावर आलं, आणि ते पुसायला लेक पुढे झाली तसा त्यांनी उजव्या हाताने तिला थांबवलं. स्वतःच पुसलं. मग वहीत लिहिलं: '१६४. घण वेळेवर पडला. मी उशिरा हललो.'

त्या दिवशी ते तिच्याशी त्यानंतर एकदाच बोलले.

"आवाज वाढव," म्हणाले, आणि पुन्हा सुरू केलं.