दोन बोटं कमी

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. पायरी म्हटलं की तुम्ही जिना शोधाल. पण मला जिना नाही. दिसायला मी बसक्या बाकासारखी. चार पाय, वर जाड फळी, फळीवर पाय घसरू नये म्हणून ठोकलेलं काळं रबर. माझ्यावर चढून आजवर कुणी कुठेही पोहोचलेलं नाही. चढायचं, लगेच उतरायचं, परत चढायचं, एवढंच. तरी धडधाकट माणसं माझ्यासमोर आली की गप्प व्हायची. का, ते सांगते.

माझा जन्म अग्निशमन केंद्रासाठी झाला. सुताराच्या हातात कागद पडला, त्यावर लिहिलं होतं : उंची एक्केचाळीस सेंटिमीटर, कमी नको, जास्त नको. सुतार कुरकुरला, "पायरी आहे की औषध? थेंब मोजून घालायचा?" पण काम त्याने चोख केलं. एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस.

केंद्राच्या मागच्या खोलीत मला ठेवलं. तिथे माझ्या मालकीण होत्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, आणि बोलणं असं की शिट्टीची गरज पडू नये. दर सहा महिन्यांनी त्या सगळ्या जवानांचा दम मोजायच्या. नव्या जवानांना समजावून सांगायच्या, "काम पडलं की स्नायू प्राणवायू मागतात. फुप्फुसं तो हवेतून घेतात, रक्त तो वाहून नेतं आणि हृदय त्या रक्ताला ढकलतं. तगडं हृदय एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं, म्हणून त्याला घाई करावी लागत नाही. कच्चं हृदय तेवढ्याच कामाला जास्त धडपडतं. म्हणून काम सगळ्यांना सारखं द्यायचं आणि ठोके मोजायचे."

ते सारखं काम म्हणजे मी.

कोपऱ्यात एक टकटक करणारं यंत्र असायचं. त्याच्या चार टोल्यांत वर, वर, खाली, खाली. अशी बरोबर तीन मिनिटं. मग थांबायचं, बाई पाच सेकंद जाऊ द्यायच्या आणि मनगट धरून पंधरा सेकंदांतले ठोके मोजायच्या. त्या केंद्राची मर्यादा होती एक्केचाळीस ठोक्यांची. माझी उंचीही एक्केचाळीस. हा योगायोग मला उगाच आवडायचा. जास्त ठोके भरले की जवान शिडीवरून टेलिफोनच्या टेबलावर.

आता शिडीकाकांबद्दल. वय बावन्न, मिशा पांढऱ्या, आणि आग लागली की बावीस वर्षं शिडीवर पहिला पाय त्यांचा. चाचणीला मात्र ते शेवटी यायचे. मागून कुणीतरी ओरडायचंच, "काका, वर कुणी अडकलेलं नाही हो! सावकाश!"

"तू अडकशील तेव्हा सावकाशच येईन," काका चढता चढता म्हणायचे.

"बोलू नका, दम जातो," बाई दटावायच्या. काकांचा आकडा एक्केचाळीसवर टेकायचा. एक ठोका जास्त भरला की शिडी गेली.

आता माझ्या आयुष्यातली लाजिरवाणी गोष्ट. खोलीच्या फरशीवर कायम पाणी असायचं, धुतलेले पाइप तिथेच वाळत पडायचे. पाच वर्षांत माझे पाय खालून कुजले आणि मी डुगडुगू लागले. दुसरा एक सुतार आला. त्याने कागद मागितला नाही, कुणी दिला नाही. त्याने चारही पायांचा कुजका भाग सरळ कापून टाकला. मला फरशीवर ठेवलं, हलवून पाहिलं. हलले नाही. "झालं काम, आता हत्ती चढवा," म्हणाला आणि गेला.

मी दोन बोटं बुटकी झाले होते. माझ्याकडे पाहून कुणाला कळणार? डुगडुगणं दिसतं, बुटकेपण शेजारी कुणी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

पुढच्या चाचणीला सगळ्यांचे ठोके कमी भरले. काकांचा आकडा चाळीसच्याही खाली आला. केंद्राचे साहेब खूश झाले. "बाईंनी सगळ्यांना नवी हृदयं बसवली," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बाई लाजल्या. मलाही फार बरं वाटलं, हे कबूल करते. कौतुक होताना आपलं काही कापलं गेलंय हे आठवत नाही.

दोन वर्षं अशी गेली. एका दुपारी तीन मजली गोदामाला आग लागली. परतल्यावर काका माझ्या काठावर टेकले आणि बाईंना हळूच म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर मला दम लागला. कठडा धरून उभा राहिलो. मागच्या पोराने पाइप माझ्या हातातून घेतला."

बाईंनी वही उघडली. "मागच्या चाचणीत चाळीस आहे की तुमचा आकडा. उत्तम आहे. धुरात श्वास घ्यायचा मुखवटा नीट बसला नसेल."

काकांनी थोडा विचार केला. "मुखवटाच असेल," म्हणाले आणि उठून गेले. पुढचे चार महिने ते त्या मुखवट्याचे पट्टे सैल करत आणि घट्ट करत राहिले. आणि शिडीवर पहिला पाय त्यांचाच.

मित्रांनो, लाकडाला तोंड नसतं. असतं तर मी तेव्हा बोलले असते, असं मला वाटायला आवडतं.

बोलली ती बादली. खोली पुसणाऱ्या मावशींची निळी बादली वाटेत होती, बाईंचा पाय तिला लागला.

"मावशी, ही पायरीखाली सरकवत जा ना, पूर्वीसारखी!"

"पूर्वी जायची. आता काठ अडकतो."

"बादली बदलली का?"

"बादली तीच, मी तीच. तुमची पायरी बसली खाली."

"कधीपासून?"

"त्या सुताराने पाय कापले तेव्हापासून. दोन वर्षं झाली."

"अहो, मग सांगितलं नाहीत!"

"बादलीचं काय सांगायचं? तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

बाईंनी मोजपट्टी आणली. साडेसदतीस. परत मोजलं. साडेसदतीस. मग त्या माझ्यावरच बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. माझ्या पायांखाली गुपचूप दोन बोटांचे ठोकळे बसवले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. मावशींनाही बादली मावण्याशी मतलब. पण बाई उठल्या त्या वही घेऊन, थेट साहेबांकडे. दार उघडंच होतं.

"म्हणजे दोन वर्षांचे आकडे खोटे?" साहेबांचा आवाज चढला.

"ठोके खरे आहेत, साहेब. काम कमी दिलं गेलं. सगळ्यांना परत मोजावं लागेल."

"आणि मी जे कौतुक केलं ते?"

"तेही परत घ्यावं लागेल."

मला लोखंडी पाय बसवले आणि पुन्हा एक्केचाळीसवर आणलं. फेरचाचणीत बहुतेक जवान पास झाले, कुरकुरत का होईना. काका शेवटी आले. मागून कुणी ओरडलं नाही. तीन मिनिटं संपली, बाईंनी मनगट धरलं, आणि सोडल्यावरही थोडा वेळ घड्याळाकडेच पाहत राहिल्या.

"किती?"

"चव्वेचाळीस."

काका माझ्यावर बसले. त्यांच्या छातीची धडधड माझ्या फळीपर्यंत पोहोचत होती.

"म्हणजे मुखवटा ठीक होता," ते म्हणाले.

"हो. चूक माझी आहे, काका."

"तुमची एकटीची कशी? माझी छाती मला सांगत होती. मी तिचं ऐकलं नाही, या लाकडाचं ऐकलं." मग हसले. "चार महिने बिचाऱ्या मुखवट्याला शिव्या घातल्या मी."

दुसऱ्या दिवसापासून काका टेलिफोनवर. शिडीवर पहिला पाय त्या मागच्या पोराचा. बाईंनी काकांना कार्यक्रम आखून दिला : आधी झपझप चालणं, मग जिने, मग पाठीवर ओझं घेऊन जिने. हळूहळू, रोज. चार महिन्यांनी ते माझ्यासमोर उभे राहिले, खिशातून मोजपट्टी काढली, मला मोजलं आणि मगच चढले. बेचाळीस.

"एका ठोक्याने हुकलो," काका म्हणाले. बाई पेन धरून थांबल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"बेचाळीसच लिहा," काका म्हणाले. "पुढच्या महिन्यात येतो."

पुढच्या महिन्यात परत मोजपट्टी, परत तीन मिनिटं. एक्केचाळीस. काकांनी मला एक थाप मारली आणि ते हेल्मेट घ्यायला गेले. त्यानंतर पाच वर्षं ते शिडीवर होते. कठडा धरल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

आता मी कोपऱ्यात असते. दम मोजायला नवी यंत्रं आली आहेत, त्यांना तारा आहेत, पडदे आहेत. केंद्र पाहायला तुमच्यासारखी मुलं येतात आणि माझ्यावर उड्या मारतात, तेवढीच माझी नोकरी. निवृत्त होताना काकांनी ती मोजपट्टी सुतळीने माझ्या पायाला बांधली. अजून लटकते आहे.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल चढा, ठोके मोजा, आणि छाती काही वेगळं सांगत असेल तर तिचंही ऐका. पण त्याआधी एकदा ती पट्टी माझ्या अंगाला लावा. मला राग येणार नाही. पाय लोखंडी असले तरी फरशी अजून ओलीच असते.